भिंतीवरचा फोटो, बसरा आणि इगतपुरीचं स्टेशन

आजचा विषय आहे जुन्या युद्धाची आठवण. इगतपुरीत लढाई कधी झाली, असा प्रश्न कुणालाही पडेल. तोफा इथे डागल्या गेल्या नाहीत, तरी दोन्ही महायुद्धं या गावातून गेली आहेत. ती रेल्वेने गेली.

नकाशा डोळ्यांसमोर आणू या. मुंबईच्या गोदीतून निघालेली गाडी कल्याण, कसारा करत थळ घाटाच्या पायथ्याशी येते. हा घाट १८६५ मध्ये रेल्वेने जोडला गेला. चढ ३७ फुटांना १ फूट. म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून बँकर लावायचा आणि इगतपुरीला सोडायचा, ही इथली जुनी रीत. इगतपुरीपासून पुढे साधारण ४५ किलोमीटरवर देवळाली. ब्रिटिशांनी तिथे लष्करी छावणी उभारली होती. विलायतेहून आलेले सैनिक आधी तिथे जात, आणि परतीच्या बोटीची वाट बघतही तिथेच राहत. ही वाट बघणं इतकं लांबे की देवळालीच्या नावावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे 'डोकं फिरलेला' असा शब्द रूढ झाला. मुंबई ते देवळाली या सगळ्या येण्याजाण्याच्या वाटेवर इगतपुरी होती.

या वाटेवरून आपलीही माणसं गेली. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख भारतीय परदेशी पाठवले गेले, त्यांतले सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य २५ लाखांवर गेलं. पण ज्या घरातून एक माणूस गेला, तिथे लाखांचा हिशेब नसतो. तिथे भिंतीवर एक फोटो असतो, आणि "आमचे पणजोबा बसऱ्याला होते" एवढं एक वाक्य. आज आपण त्या फोटोकडे आणि त्या वाक्याकडे नीट बघणार आहोत.

आधी वाक्य घेऊ. बसरा म्हटलं की आपण लगेच पहिलं महायुद्ध धरतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. आजच्या इराकमध्ये तेव्हा मेसोपोटेमियाची मोहीम चालू होती. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन कूत अल अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यातली हजारो कैदेत दगावली. वेढ्यात धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले, आणि बऱ्याच भारतीय शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. तेव्हा एखाद्या घरात लढाईची एकही गोष्ट शिल्लक नसेल, पण "उपाशी राहिले, पण घोडा खाल्ला नाही" एवढं सांगितलं जात असेल, तर त्याला बढाई समजून सोडून देऊ नये. ती कूतकडे बोट दाखवणारी खूण असू शकते.

पण थांबा. एप्रिल १९४१ मध्ये भारतीय सैन्य पुन्हा बसऱ्याला उतरलं होतं. म्हणजे नुसत्या 'बसरा' या शब्दावरून आजोबांचं युद्ध ठरत नाही. आठवण गाव बरोबर सांगते, साल मात्र सांगत नाही. दोन पिढ्यांत काका-पुतण्याच्या गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि दोन लढायांची एक होते. इथे फोटो मदतीला येतो.

फोटो बहुधा स्टुडिओतला असतो. मागे रंगवलेला पडदा, शेजारी खुर्ची किंवा कुंडी. चेहऱ्यावर आपण फार वेळ थांबतो. थोडं खाली या. पागोटं की टोपी, त्यावरचा बिल्ला, खांद्यावरची पितळी अक्षरं, बाहीवरच्या फिती. कमरेपर्यंतचा जाड लोकरी अंगरखा असेल तर तो दुसऱ्या महायुद्धातला, थंड मुलखातला असण्याची शक्यता जास्त; इटलीत आपल्या पलटणी तसा पोशाख घालून लढल्या. पलटणीच्या नावावरूनही साल कळतं. महार समाजातल्या घरात 'आजोबा महार पलटणीत होते' असं सांगत असतील तर दोनच शक्यता आहेत. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. त्यानंतर महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावला. मधल्या वीस वर्षांत ही पलटणच नव्हती. म्हणजे तिथे प्रश्न उरतो तो आजोबांच्या वयाचाच.

घरात पदक असेल तर त्याची कडा बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. स्पेलिंग चमत्कारिक असेल, पण नंबर कामाचा. आणि धातूही बघा. ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्यांना चांदीचं मिळालं. ओझी वाहणारे, रस्ते बांधणारे, खेचरं हाकणारे अशा मजूर पथकांतल्या पुष्कळांना तेच पदक ब्राँझचं मिळालं.

इथे जरा अवघड जागा येते. घरात सांगितलं जातं की पणजोबा लढले, आणि पदक ब्राँझचं निघतं. मग काय करायचं? आमचं म्हणणं असं की जे निघालं ते तसंच लिहावं. बंदूक न घेता त्याच तोफांखाली पाणी आणि दारूगोळा वाहणाऱ्या माणसाला कमी लेखायचं काही कारण नाही. तेव्हा त्याला कमी लेखलं गेलं, ते आपण पुढे चालवू नये.

कमी कसं लेखलं गेलं, ते बसऱ्याच्या स्मारकावर दिसतं. १९२९ मध्ये उभारलेल्या या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली आहेत. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली फक्त आकडा. अमुक पलटण, इतके इतर. युद्धस्मारकांची व्यवस्था बघणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात अशा भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली.

आपल्याकडेही आकडेच कोरले गेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, हा आकडा आजही अभिमानाने सांगितला जातो. मोठं शौर्य गाजवलेल्यांची नावं टिकतात. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत धारातीर्थी पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २०२३ मध्ये तिथल्या मोंतोने गावात त्यांचं स्मारकही झालं. निमजच्या शिपाई नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना वाचवलं, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या शिपायाचं नाव कुठे आहे? अनेकदा फक्त घरात, आणि तेही ऐंशी-नव्वदीच्या एखाद्या आजींच्या तोंडी.

म्हणून आता कामाचं बोलू. फोटो चौकटीला किंवा काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, आहे तसाच त्याचा फोटो घ्या. सुटा असेल तर मागची बाजूही घ्या. स्टुडिओचा शिक्का, पोस्टकार्डाची छपाई, पेन्सिलीची एखादी ओळ मागेच असते. पदक चिंचेने घासून लखलखीत करू नका, कडेची अक्षरं झिजतात. फोटो आजींच्या हातात द्या आणि मोबाईलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. "कुठल्या लढाईत होते?" असं विचारू नका, ते बहुधा त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. "मनीऑर्डर कोण आणायचं? पैसे कोण मोजायचं? ते आले तेव्हा सोबत काय आणलं? बाजूला उभा आहे तो कोण?" असं विचारा. पेन्शनसाठी कुठे खेपा घातल्या, हेही विचारा. दोन भावंडं दोन गोष्टी सांगतील. दोन्ही लिहा, कुणाचं खरं ते आजच ठरवायची घाई नको.

माणूस युद्धात गेलेला असेल तर कमिशनच्या वेबसाइटवर नाव, नंबर, पलटण घालून शोधता येतं. पंजाबात सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्या डिजिटल करायला सुरुवात झाली, आणि २०२१ पासून कित्येक घरांना आपला माणूस त्यात सापडला. नोंद सापडते, पण शोधायला हातात नाव लागतं.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. एका कागदावर त्यांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि तुम्हाला हे कुणी सांगितलं ते लिहा, तारीख घाला, आणि तो कागद फोटोसोबत ठेवा. बाकी शोध पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. आजींना मात्र याच आठवड्यात विचारा.