ट्रकचा पाटा, घिसाड्याची सुरी

गावाच्या कडेला घिसाड्यांचं पाल पडलं की आधी ऐकू येतो घणाचा आवाज. घण बहुतेक वेळा बाईच्या हातात असतो. पुरुष उकिडवा बसून सांडशीत लोखंड धरतो, लहान हातोडीने जागा दाखवतो आणि बाई नेमका तिथेच घाव घालते. सरकारदरबारी ही भटकी जमात. विळे, खुरपी, कोयते ही त्यांची नेहमीची कामं, पण सांगितलं तर स्वयंपाकाची सुरीही करून देतात. कामाला ती दुकानातल्या चकचकीत सुरीहून सरस.

माल भंगारातला. ट्रकच्या मोडक्या पाट्यात अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त कार्बन असतो. बांधकामाच्या मऊ लोखंडात न टिकणारी धार त्यात टिकते. छिन्नीने तुकडा तोडायचा, नारिंगी होईपर्यंत तापवायचा, ठोकायचा, काळवंडला की पुन्हा भट्टीत. धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते आणि पातं पाठीकडे वाकतं. म्हणून जाणता कारागीर आधीच उलटा बाक देऊन ठेवतो. चामड्याचा भाता मात्र आता क्वचितच दिसतो, त्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा आला.

खरी कसोटी पाणी देताना.

पोलाद साधारण ७७० अंशांवर गेलं की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. त्याच्या थोडं वर तापवून फक्त धारेची कड पाण्यात बुडवतात. कड कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही. पाठीत धग असतेच. कडेवरचा काळा थर विटेच्या तुकड्याने घासून काढला की आतली धग कडेकडे सरकताना रंगातून दिसते: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा म्हणजे २२० अंशांच्या आसपास. तो दिसताच अख्खं पातं पाण्यात. निळ्यापर्यंत थांबलं तर सुरी मऊ पडते. घाई केली तर हाडावर कपची उडते. एवढं सगळं नुसत्या नजरेवर, म्हणून हे काम सावलीतच करायचं.

मग कानस, दगड किंवा हल्ली ग्राइंडर. ग्राइंडर जोरात दाबला आणि कड निळी झाली की दिलेलं पाणी उतरलंच. शेवटी पात्याची शेपटी तापवून बाभळीच्या मुठीत जाळत बसवतात.

ही सुरी गंजते, कोकमाने काळी पडते. धुऊन पुसली नाही तर तक्रार करायची नाही. धार बोथटली तर चिनी मातीच्या कपाच्या खरखरीत बुडावर चार हात मारले की टोमॅटोची साल पुन्हा न दाबता कापते.