पेटीवरचा नंबर कुठवर जातो?

द्राक्षाचा हंगाम आला की आपल्यातल्या कितीतरी जणी सकाळीच डबा बांधून पॅकहाऊसच्या गाडीत बसतात. आमच्या गटातल्याही जातात. परवा बैठकीत एकीने विचारलं, "ताई, पेटीवर तो नंबर कशाला चिकटवतात?" आज त्याबद्दलच बोलू.

आधी एका खेळाची गोष्ट सांगतो. खेळाचं नाव जिओकॅशिंग. तो २००० साली अमेरिकेत सुरू झाला. कुणी झाडाच्या ढोलीत किंवा दगडाच्या कपारीत डबा लपवतं आणि त्याचा ठिकाणा इंटरनेटवर टाकतं. बाकीचे तो हुडकतात आणि डब्यातल्या वहीत नाव लिहितात. काही डब्यांत नंबर कोरलेला धातूचा बिल्ला असतो. ज्याला सापडेल त्याने तो न्यायचा, दुसऱ्या डब्यात ठेवायचा आणि इंटरनेटवर त्या नंबरापुढे नोंद करायची. असे बिल्ले हातोहात देशोदेशी फिरतात. २००८ मध्ये एक तर अंतराळ स्थानकापर्यंत पोचला.

या बिल्ल्यात बॅटरी नसते, यंत्र नसते. माणसं नोंद करतात म्हणूनच तो कुठे आहे ते कळतं. एकाने जरी तो उचलला आणि नोंद केली नाही, तर मालकाला तो जुन्याच डब्यात दिसत राहतो.

आपल्या द्राक्षाच्या पेटीचंही तसंच आहे. अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेने २००६ मध्ये युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी 'ग्रेपनेट' ही नोंदीची पद्धत आणली. शेतकरी कृषी विभागाकडे बागेची नोंदणी करतो, तेव्हा प्लॉटला नंबर मिळतो. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन घडांचा नमुना नेतो आणि औषधाचा अंश किती उरला ते तपासतात. अहवाल त्याच नंबरावर चढतो. नमुना नापास झाला, तर त्या प्लॉटचा माल युरोपला जात नाही. पास झाला, तर माल पॅकहाऊसला येतो. तिथे आपण घड निवडतो, डब्या भरतो, पेटी बांधतो. मग गार केलेला माल कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरावर आणि तिथून जहाजाने परदेशी. तिकडे पेटीत काही खोट निघाली, तर नंबराच्या मागे मागे येत थेट आपल्या शिवारातल्या बागेपर्यंत पोचता येतं.

मग नंबर असला की झालं का? नाही. २०१० सालचं उदाहरण बघा. वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या सीसीसी औषधाचा अंश युरोपात आपल्या द्राक्षांत सापडला आणि माल नाकारला गेला. इथले अहवाल तर चांगले होते. पण तपासायच्या औषधांच्या यादीत सीसीसी नव्हतंच. बागेत काय वापरलं आणि कागदावर काय तपासलं, याचा मेळ नव्हता. पुढे ते औषध यादीत आलं, पण त्या हंगामाचा फटका बसायचा तो बसलाच.

म्हणून फवारणीची वही महत्त्वाची. बऱ्याच घरांत ती आपल्याच हाती असते. आम्ही गटात एक वही चाळली, तर महिनाभराच्या फवारण्या एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या. आठवून आठवून लिहिलेली तारीख आठ दिवसांनी चुकते. फवारणीनंतर किती दिवसांनी माल काढायचा हे प्रत्येक औषधाचं ठरलेलं असतं. तारीख चुकली की तो हिशेब चुकतो, आणि नमुना नापास झाला की वर्षभराची मेहनत मिळेल त्या भावाने द्यावी लागते.

तेव्हा फवारणी झाली की त्याच संध्याकाळी लिहा. तारीख, प्लॉट, औषधाचं नाव, प्रमाण, किती पाणी आणि कशासाठी मारलं. औषधाचं बिल वहीतच ठेवा. शेजाऱ्याने दिलेलं औषध वापरलं असेल, तर तेही लिहा.

गटाचं पासबुक आपण भरणा झाल्याबरोबर भरतो, तीच सवय बागेच्या वहीला लावू. आणि उद्या पॅकहाऊसमध्ये पेटीवर नंबर चिकटवाल, तेव्हा त्याच्यामागे कुणाची वही आहे ते आठवा.