अंगावरचं ऊन

विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये रस्त्याचं काम चालू असेल, तिथे खडी पसरणाऱ्या बायका पाहाव्यात. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्यातोंडाला आवळलेला दुपट्टा. हा पोशाख कुठल्या टेंडरात नाही की सुरक्षेच्या पुस्तकात नाही. पण उन्हात राबणाऱ्याने काय घालावं, याचं निम्मं उत्तर त्यात आहे : बाह्या मनगटापर्यंत, माप ढगळ, कापड धुऊन धुऊन विरविरीत झालेलं. मग कंत्राटदार त्यावर चढवायला पॉलिएस्टरचं नारिंगी जाकीट देतो. साहेबांची गाडी आली की ते अंगावर, गेली की मुरमाच्या ढिगावर. याला बेशिस्त म्हणायची पद्धत आहे. मला तो त्या कापडावरचा अभिप्राय वाटतो.

शरीराचं गणित सरळ आहे. उन्हाळ्यात कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गार असेल तर ती अंगातली उष्णता घेऊन जाते. नागपूरसारखी तापली (२३ मे २०१३ला तिथे ४७.९ अंश नोंदले गेले) तर उलट हवाच अंग तापवते. मग उरतो फक्त घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून नेतो, पण तो अंगावरच वाळला पाहिजे. निथळून मातीत पडलेला घाम फुकट गेला. कपडा घेताना आधी पाहायचं ते हेच : आतला ओलावा बाहेर पडेल का?

रंगाची चर्चा त्या मानाने फार होते. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत १९८० साली एक छोटा, गमतीदार शोधनिबंध आला होता : वाळवंटातले बेदुईन काळे झगे का घालतात? काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, हे मोजमापात दिसलंच. पण ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच ढगळ झग्याखालून खेळणारी हवा पळवून नेत होती. झगा काळा असो की पांढरा, अंगाला पोचणारी उष्णता सारखीच. अंगाला चिकटलेल्या कपड्याला ही सवलत नाही, त्यामुळे तंग टी-शर्ट घ्यायचाच असेल तर फिकट रंगाचा घ्यावा. खरं तर घेऊच नये.

सुती की पॉलिएस्टर, या वादात मात्र मी सरसकट सुतीच्या बाजूचा नाही. सूत हवेतूनच आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. अकोला-चंद्रपूरच्या कोरड्या झळांत घामाने भिजलेला पातळ सुती सदरा भराभर वाळतो आणि माणसाला गारवा देतो. तोच सदरा पनवेल-रत्नागिरीच्या दमट हवेत सकाळी भिजला की संध्याकाळपर्यंत अंगाला चिकटून राहतो. काखा-जांघा सोलवटतात. तिथे जाळीदार विणीचं, लवकर वाळणारं मिश्र कापड बरं. एकाच कंपनीच्या दोन जिल्ह्यांतल्या टोळ्यांना एकच गणवेश देण्यात हिशेबाची सोय आहे, अंगाची नाही.

दमटपणाची किंमत किती, हे नवी मुंबईतल्या खारघरने दाखवलं. १६ एप्रिल २०२३ला तिथे झालेल्या एका जाहीर सोहळ्यात पारा चाळिशीच्या आतच होता, तरी उघड्यावर बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. म्हणून कामाच्या जागी नुसत्या पाऱ्यावर विसंबत नाहीत. ओल्या फडक्यातल्या तापमापकाला ७० टक्के, काळ्या गोळ्यातल्याला २० आणि साध्या तापमापकाला १० टक्के वजन देऊन एक निर्देशांक काढतात. १९५०च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण छावण्यांसाठी तो तयार झाला. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याला कपड्यांचीही जोड आहे : विणलेल्या कापडाचा दुहेरी थर असेल तर निर्देशांकात ३ अंश वाढवून धरायचे. बाष्प न जाऊ देणाऱ्या बंद पोशाखाला तब्बल ११. शर्टावर जाड डगला चढवा म्हणणाऱ्याने हे आकडे समोर ठेवावेत.

काही कामांत उकाडा हा दुय्यम शत्रू असतो. वायरमनचं उदाहरण घ्या. तारांत ठिणगी पेटली की पॉलिएस्टर वितळून कातडीत रुततं. सूत जळतं, पण वितळत नाही. खांबावर चढणाऱ्याला स्वस्त, झटपट वाळणारं कापड देणं म्हणूनच धोक्याचं. त्याला ज्वालारोधक कापडच हवं, आणि ते जाड असल्याने कामाची वेळ पहाटेकडे सरकवायला हवी.

महामार्गावरच्यांचा प्रश्न वेगळा, त्यांना दिसायचं असतं. ठळक दिसणाऱ्या पोशाखांच्या मानकातल्या सर्वांत वरच्या वर्गाला ०.८० चौरस मीटर चमकदार कापड आणि ०.२० चौरस मीटर परावर्तक पट्टी लागते. हे सगळं शर्टावर वेगळं जाकीट घालूनच साधावं असं कुठेही म्हटलेलं नाही. चमकदार कापडाचाच पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट आणि खाली पट्ट्यांची पँट असली तर एक थर वाचतो. बाईच्या साडीला मात्र हे लागू पडत नाही. तिच्यासाठी मापाचा, लांब, बाजूने फाटा असलेला शर्टच शिवून घ्यावा लागेल. ‘फ्री साइज’ जाकिटाच्या लोंबत्या कडा मिक्सरजवळ चांगल्या नाहीत.

जपानने कपड्यालाच पंखा लावला. सोनीतून बाहेर पडलेल्या इचिगाया हिरोशी यांनी २००४ साली पाठीवर दोन छोटे पंखे बसवलेल्या जाकिटांची कंपनी काढली. आज तिथल्या बांधकामांवर फुगलेल्या पाठीचे कामगार सर्रास दिसतात. हे पंखे हवा गार करत नाहीत, फक्त घाम वाळवतात. वेल्डिंगवाल्यांनी हे जाकीट जपूनच वापरावं, ठिणगीही आत ओढली जाते. १ जून २०२५पासून तिथे ठरावीक उष्णतेपलीकडे कामगारांची काळजी घेणं मालकांना कायद्याने बंधनकारक झालं आहे, त्यामुळे ही खरेदी आता हौसेची राहिलेली नाही.

आपल्याकडे खरेदी बहुधा वर्षाच्या बजेटातून एकदाच होते, आणि नमुना तपासला जातो तो एसी खोलीत, टेबलावर. दोन-तीन नमुने एप्रिलमध्ये आठवडाभर टोळीच्या अंगावर घालून पाहिले तर निवड आपोआप होईल. माणशी किमान दोन जोड हवेत, कारण घामाचं मीठ साचलेलं कापड खरखरीत होतं. आणि घाम यायला पाणी प्यावं लागतं. आडोसा नसल्यामुळे साइटवरच्या बायका दिवसभर पाणी टाळतात, तेव्हा कितीही चांगला शर्ट दिला तरी तो वाळवणार काय? कपड्यांच्या बजेटात फिरत्या शौचालयाचा खर्च धरलेला बरा.