लाल त्रिकोणावर सोपवलेले जीव

पिकावर फवारल्या जाणाऱ्या विषाला आपल्या बहुतेक भाषांत ‘औषध’ म्हणतात. हिंदी पट्ट्यातला शेतकरी ‘दवाई’ मारतो, तेलुगू शेतकरी ‘मंदु’ आणि तमिळ शेतकरी ‘मरुंदु’. महाराष्ट्रात तर ‘औषध मारणे’ हाच फवारणीचा रूढ शब्द आहे. शब्दामुळे कोणी मरत नाही हे खरे. परंतु घरातल्या कोनाड्यात, धान्याच्या कणगीशेजारी किंवा तेलाच्या डब्यालगत जी वस्तू ठेवायची, तिचे नावच ‘औषध’ असेल तर तिच्याविषयीची भीती किती काळ टिकणार?

बिहारच्या सारण जिल्ह्यात, मशरकजवळच्या गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी प्राथमिक शाळेतील माध्यान्ह भोजनानंतर २३ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. मुख्याध्यापिकेवर खटला चालला, २०१६ मध्ये तिला शिक्षा झाली आणि प्रशासनाच्या दृष्टीने प्रकरण मिटले. व्यक्तिगत हलगर्जीपणाला शिक्षा व्हायलाच हवी होती. तथापि इतके जहाल रसायन एका शाळेच्या स्वयंपाकापर्यंत पोहोचू शकते, या परिस्थितीवर कोणताही खटला चालला नाही. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, अत्यंत घातक कीटकनाशके विकसनशील देशांच्या बाजारातून लवकर मागे घ्यावीत, असे या घटनेचा दाखला देऊन सुचवले होते. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉस आणखी दहा वर्षे राजरोस विकले गेले.

मोनोक्रोटोफॉस हे ऑर्गनोफॉस्फेट या कुळातले. क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, डायमेथोएट ही त्याचीच भावंडे. मज्जातंतूकडून स्नायूकडे संदेश नेणारे ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य काम संपताच नष्ट करण्यासाठी शरीरात एक विकर असते, कोलिनएस्टरेझ. ही रसायने नेमके तेच विकर निकामी करतात. मग संदेश थांबतच नाहीत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ आणि अंगाला घाम सुटतो, छातीत स्राव साचतो, स्नायू फडफडतात, आणि अखेरीस श्वासाचे स्नायू थकून जातात. किडा मरतो तो याच पद्धतीने. माणूस आणि किडा यांच्यात हे रसायन तत्त्वतः भेद करत नाही. भेद काय तो मात्रेचा.

शिवाय ते गिळावेच लागते असे नाही. ते त्वचेतून शोषले जाते. पाठीवरचा पंप गळतो, सदरा भिजतो आणि तोच सदरा अंगावर दिवसभर राहतो. अनवाणी पायांनी ओल्या पिकातून चालावे लागते. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकून मोकळे करण्याची सवय देशभर आहे. सौम्य विषबाधेची लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, घाम आणि गरगरणे. उन्हात राबणाऱ्या मजुराला ती उन्हाचीच वाटतात, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप उचलतो. निकामी झालेले विकर पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. जमीनमालक हंगामात मोजके दिवस फवारतो. रोजंदारीवरचा मजूर आज याच्या आणि उद्या त्याच्या शेतात फवारतो. त्यामुळे एकेका दिवसाची मात्रा थोडी असली तरी तिची बेरीज त्याच्या शरीरात होत राहते.

कायदा या माणसाला ओळखतो का? कीटकनाशक नियम, १९७१ वाचले तर कागदावर फारसे काही सुटलेले दिसत नाही. संरक्षक कपडे, हातमोजे, श्वसनाची साधने, प्रथमोपचाराचे साहित्य आणि उतारे यांचा त्यात उल्लेख आहे. ऑर्गनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनएस्टरेझ ठराविक मुदतीने तपासण्याची तरतूदही आहे. रिकामे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असेही नियम सांगतो. मात्र ही सारी रचना कारखाना, गोदाम किंवा कीडनियंत्रण कंपनी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. बांधावरच्या मजुराचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, मग त्याचे रक्त कोण आणि कोणत्या दराने तपासणार? घट्ट झाकणाचा मजबूत प्लास्टिकचा डबा गरीब घरात कचरा ठरत नाही, हेही नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

उरते ते लेबल. डब्यावर चौकटीत बसवलेला रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. लाल वर्गाची मर्यादा अशी की, प्रयोगातील निम्मे प्राणी मारायला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रा तोंडावाटे पुरते. पिवळा त्रिकोण ५१ ते ५०० मिलिग्रॅमसाठी. म्हणजे पिवळाही अतिविषारीच. हिरव्याकडे जाणाऱ्या वाटेवरचा म्हणून तो सौम्य समजायचे कारण नाही. डब्यासोबत घडी घातलेले माहितीपत्रक येते, त्यातली अक्षरे बारीक असतात. सल्ला मात्र बहुधा दुकानदारच देतो, आणि त्याचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून असते.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कीटकनाशक व्यवस्थापनविषयक आचारसंहितेत एक शहाणे कलम आहे. ज्या कीटकनाशकाच्या हाताळणीसाठी गैरसोयीची, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ते टाळावे; विशेषतः उष्ण हवामानातील छोट्या वापरकर्त्यांच्या बाबतीत. भाद्रपदातल्या उकाड्यात रबरी हातमोजे, मुखवटा, चष्मा आणि जाड अंगरखा घालून कापसाच्या शेतात दोन तास काढून दाखवावेत, मग शेतकऱ्याच्या ‘निष्काळजीपणा’वर बोलावे. यवतमाळमध्ये २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, तेव्हाही चर्चा प्रामुख्याने हातमोजे आणि मुखवट्यांभोवतीच फिरत राहिली. पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी आली, त्यांत मोनोक्रोटोफॉस आणि ॲसिफेट होते. मुदत सरली, बंदीही सरली.

साठ दिवसांचा हा आकडा योगायोगाचा नाही. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार नोंदणी केंद्राकडे आहे. कलम २७ खाली राज्याला एखादे उत्पादन साठ दिवस रोखता येते, चौकशी लांबली तर फार तर आणखी तीस दिवस. शेती हा राज्यांचा विषय, मृतदेह राज्यांच्या रुग्णालयांत, आणि कायमचा निर्णय दिल्लीत. पंजाब हेच कलम बासमतीसाठी वापरतो. कापणीच्या आधी ॲसिफेट, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी रसायने साठ दिवस थांबवली जातात, कारण तांदळात त्यांचे अंश सापडले तर निर्यातीचा माल परत येतो. निर्यातदाराची चिंता रास्त आहे आणि सरकारची तत्परताही स्वागतार्ह. पण परदेशातल्या ताटापर्यंत जाणाऱ्या अंशासाठी जे कलम दरवर्षी चालते, ते त्याच शेतातल्या फवारणाऱ्यासाठी इतक्या नेमाने चालताना दिसत नाही.

या कायद्याचा जन्मही एका दुर्घटनेतूनच झाला. १९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ आणि तत्कालीन मद्रास राज्यात विषारी अन्नाने शंभराहून अधिक माणसे मेली. वाहतुकीत गव्हाच्या पिठात पॅराथिऑन मिसळले होते, तेही ऑर्गनोफॉस्फेटच. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या चौकशी आयोगानंतर कायदा यायला दहा वर्षे लागली. पुढची गतीही तीच. २००५ मध्ये मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास मनाई झाली. कापसासाठी घेतलेली बाटली वांग्यावर रिकामी होणार नाही, हे कोण पाहणार होते? अनुपम वर्मा समितीने ६६ कीटकनाशकांचा आढावा घेऊन २०१५ मध्ये अहवाल दिला. २०१८ मध्ये १८ रसायनांवर बंदीचा आदेश निघाला. त्यात मिथाइल पॅराथिऑन तत्काळ आणि फोरेट, ट्रायझोफॉस व डायक्लोरव्हॉस २०२० अखेर बंद करायचे होते. २०२० मध्ये आणखी २७ रसायनांच्या बंदीचा मसुदा आला. २०२३ च्या अंतिम आदेशात त्यांपैकी तीन पूर्णपणे आणि मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावण टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. कायदाच बदलण्याचा प्रयत्न २००८ च्या आणि पुन्हा २०२० च्या विधेयकाने झाला. दोन्ही राज्यसभेत मांडली गेली, स्थायी समितीकडे गेली.

उद्योगाचा आणि अनेक शेतकऱ्यांचाही आक्षेप असतो की ही रसायने स्वस्त आणि परिणामकारक आहेत. ती काढली तर उत्पादन घटेल. आक्षेप खोटा नाही, पण त्याला शेजारच्या देशाने उत्तर दिलेले आहे. श्रीलंकेने १९९५ पर्यंत सर्वाधिक विषारी वर्गातली कीटकनाशके बंद केली. त्या वर्षी आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे ४७ च्या आसपास होते. पुढच्या दहा वर्षांत ते निम्म्यावर आले, आणि पिकांच्या उत्पादनात बंदीमुळे घट झाल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. तीव्र वैफल्याचा क्षण अनेकदा ओसरतो. त्या क्षणी हाताशी काय आहे, यावर जगणे-मरणे ठरते. भारतात आत्महत्यांच्या मार्गांत गळफासाच्या खालोखाल विषाचा क्रमांक लागतो, म्हणून हा मुद्दा आपल्याला अधिकच लागू आहे. अर्थात श्रीलंकेतही पहिल्या बंदीनंतर एंडोसल्फानच्या विषबाधा वाढल्या आणि १९९८ मध्ये तेही बंद करावे लागले. एकेक नाव खोडत बसले की विष पुढच्या नावाकडे सरकते. आपल्याकडेही मोनोक्रोटोफॉसची जागा प्रोफेनोफॉस किंवा क्विनॉलफॉसने घेतली, तर मजुराच्या रक्तातल्या विकराला त्या बदलाचे सोयरसुतक नाही. नोंदणीची कसोटी वर्गवार हवी: जे रसायन साध्या सदऱ्यात, पाठीवरच्या पंपाने, आपल्या उकाड्यात सुरक्षितपणे फवारता येत नाही, त्याला छोट्या शेतीसाठी परवानाच देऊ नये.

तोवर रुग्णालयांचे काय? या विषबाधेत भिजलेले कपडे तत्काळ काढणे, अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुणे, उलटी करवायला न लावणे आणि डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत नेणे, एवढे कोणीही करू शकतो. मदत करणाऱ्याने स्वतःचे हातही सांभाळावेत. पुढचे काम ॲट्रोपिनचे. ते स्वस्त आहे, जुने आहे, पण गंभीर रुग्णाला वारंवार आणि मोठ्या प्रमाणात लागते, आणि श्वास थकला तर कृत्रिम श्वसनयंत्राशिवाय गत्यंतर नसते. रुग्ण शुद्धीवर आल्यानंतरही एक ते चार दिवसांत मान, हातपाय आणि श्वासाचे स्नायू पुन्हा दुबळे होऊ शकतात, म्हणून त्याला घाईने घरी पाठवणे धोक्याचे. गंडामनच्या मुलांना छपरा आणि पाटण्यापर्यंत न्यावे लागले होते. खरिपाच्या तोंडावर जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनचा किती साठा आहे आणि कोलिनएस्टरेझची तपासणी सर्वांत जवळ कुठे होते, याची यादी मागवून ती ग्रामपंचायतींच्या फलकावर लावणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आहे. त्यासाठी संसदेतल्या विधेयकाची वाट पाहावी लागत नाही.