थंडीच्या दिवसांत कोंबड्यांचे पाणी



मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की निफाड भागात सकाळी पहिली चौकशी होते ती पाऱ्याची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरल्याची नोंद अनेक हिवाळ्यांत झाली आहे. मग द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, गुरांच्या पाठीवर गोणपाट पडते, लेकरांच्या डोक्यावर कानटोपी चढते. कोंबड्यांच्या पाण्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. "थंडीत कसली आली तहान?" असे म्हणून कालचेच पाणी भांड्यात ठेवले जाते.

लडाख-काश्मीरकडे थंडीत भांड्यातले पाणी गोठते. तिथल्या कोंबडीवाल्याला ते समोर दिसते, म्हणून तो पाणी बदलतो. आपल्याकडे पाणी गोठत नाही, नुसते गारठते. त्यामुळे नुकसान भांड्यात दिसत नाही, चार दिवसांनी अंड्यांच्या टोपलीत दिसते.

कोंबडी पाणी का तोडते?

कोंबडीच्या अंगात आपल्यापेक्षा जास्त ऊब असते, साधारण ४१ अंश सेल्सिअस. अगदी थंड पाणी पोटात गेले की ते तापवायला तिला अंगातली ऊब खर्च करावी लागते. म्हणून ती चोच बुडवते, दोन घोट घेते आणि बाजूला होते.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि एरवी त्याच्या दुप्पट, म्हणजे पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. थंडीत ऊब टिकवण्यासाठी तिला खाद्य जास्त लागते, पाणी थोडे कमी चालते. पण पाणी फारच कमी झाले तर खाल्लेले पचत नाही आणि ती खाद्यही सोडते. अंड्यातला बलक आणि पांढरा मिळून जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. पाणी नसेल तर अंडे कोठून येणार?

शिवाय थंडीत रात्र तेरा तासांची. दिवेलागणीला खुराड्यात गेलेली कोंबडी सकाळी गारठ्यामुळे उशिरा सोडली, तर इतका वेळ तिला पाण्याचा थेंब मिळत नाही. सोडल्यावर समोर येते ते रात्रभर उघड्यावर राहिलेले बर्फासारखे पाणी.

उपाय घरचाच

यासाठी पैसा लागत नाही. विहिरीचे आणि बोअरचे पाणी थंडीत कोमट लागते, हे तुम्हाला सांगायला नको. जमिनीच्या पोटात थंडी पोहोचत नाही. गारठते ते छपरावरच्या टाकीतले आणि उघड्या पाइपातले पाणी. तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात.

१) संध्याकाळी कोंबड्या कोंडण्यापूर्वी त्यांना पोटभर पाणी पिऊ द्यावे. त्या आत गेल्यावर भांडी रिकामी करून, राखेने घासून पालथी ठेवावीत.

२) सकाळी विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी भरावे. पाइपात रात्रभर साचलेले पाणी आधी भाजीच्या वाफ्यात सोडावे, मग भांडी भरावीत.

३) घरी बंब पेटत असेल तर बादलीभर थंड पाण्यात तांब्या-दोन तांबे गरम पाणी मिसळावे. हाताला कोमट लागले की पुरे. कढत पाणी देऊ नये.

४) भांडी सकाळच्या उन्हात, वारा लागणार नाही अशा जागी, विटेवर ठेवावीत. दुपारी एकदा पाणी बदलावे.

५) शेडमध्ये पाणी सांडू देऊ नये. थंडीत ओले तूस वाळत नाही. त्यातून डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो आणि रक्ती हगवणीला आमंत्रण मिळते. गोणपाटाचे पडदे खालून लावावेत, वर हातभर जागा हवेसाठी मोकळी ठेवावी.

६) लहान पिलांना गार पाणी मुळीच देऊ नये. भांडे उथळ असावे आणि त्यात स्वच्छ गोटे टाकावेत, म्हणजे पिले भिजणार नाहीत. थंडीत भिजलेले पिलू क्वचितच वाचते.

आणखी एक सवय लावून घ्यावी. रोज किती बादल्या पाणी लागले ते शेडच्या भिंतीवर खडूने लिहावे. शंभर कोंबड्यांना साधारण वीस ते पंचवीस लिटर लागते, थंडीत थोडे कमी. हा आकडा एकाएकी खाली आला तर पाणी फार गार आहे किंवा आजार येतो आहे, असे समजून लगेच पाहणी करावी. हे काम शाळेत जाणारी मुलेसुद्धा हौसेने करतात.

लशीच्या दिवशी मात्र सावधान

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावात सभा घेऊन मी "थंडीत कोमट पाणी द्या" असे सांगितले आणि पुढच्या गावाला निघून गेलो. तिथल्या एका बाईंनी बचत गटाचे कर्ज काढून दोनशे तलंगा पाळल्या होत्या. माझे ऐकून त्यांनी रोज कोमट पाणी दिले. रानीखेतची लस द्यायच्या दिवशीही त्यांनी पाणी कोमट केले आणि त्यातच लस मिसळली. महिनाभराने कोंबड्यांना हिरवट हगवण लागली, माना वाकड्या झाल्या. निम्म्याहून अधिक गेल्या. पशुवैद्यांनी चौकशी केली, तेव्हा लस लागूच झाली नव्हती असे त्यांचे मत पडले. बाई मला एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलं." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पाण्यातून द्यायची ही लस जिवंत असते. उष्णतेने ती मरते, टीसीएल पावडरनेही मरते. म्हणून त्या एका दिवशी नियम उलटा. पाण्यात पावडर टाकणे दोन दिवस आधीपासून बंद ठेवावे. स्वच्छ पाणी मातीच्या मडक्यात रात्रभर गार होऊ द्यावे. लस बर्फात ठेवूनच घरी आणावी. कोंबड्यांना दोन तास तहानलेले ठेवावे आणि ऊन वर आल्यावर, त्या तासा-दोन तासांत संपवतील एवढ्याच गार पाण्यात लस मिसळून सावलीत द्यावी. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची असावीत. लशीचे पाणी संपल्यावर पुन्हा नेहमीचे कोमट पाणी सुरू करावे.

औषधाचेही ध्यानात ठेवावे. थंडीत पाणी कमी प्यायले जाते, त्यामुळे पाण्यातले औषधही कमी पोटात जाते. मात्रा किती ठेवायची ते पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबड्यांची संख्या आणि भिंतीवरचा बादल्यांचा आकडा सांगून विचारावे.

आज संध्याकाळी कोंबड्या कोंडल्या की भांडी पालथी करा आणि उद्या सकाळी ताजे पाणी भरा. लशीची तारीख जवळ आली असेल, तर ती दिनदर्शिकेवर लिहा आणि शेजारी लिहून ठेवा: "आज गार पाणी."