मावशी, आज इन्सुलिन तुम्हीच द्या ना!

सकाळचे आठ. खाली कॅब उभी, दहाला प्रेझेंटेशन आणि आजोबांचं इन्सुलिन अजून बाकी. तेवढ्यात बेल वाजते. ब्युरोच्या मावशी हजर! तुम्ही बॅग उचलता उचलता म्हणता, ‘मावशी, आज इन्सुलिन तुम्हीच द्या ना!’ मावशी जरा घुटमळतात, मग ‘बरं ताई’ म्हणतात. चला, टेन्शन खलास?

उलट, खरं टेन्शन इथूनच सुरू होतं.

पुण्या-मुंबईत कितीतरी घरं आज बारा तासांच्या ड्युटीवर येणाऱ्या मावशी आणि मामांच्या भरवशावर चालतात. त्या आहेत म्हणून आपण ऑफिसात निवांत बसतो. पण त्यांना ‘सिस्टर’ म्हणायची सवय लागली की घोळ होतो. नर्स व्हायचं तर एएनएमची दोन वर्षं, जीएनएमची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं अभ्यास करावा लागतो आणि मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नावनोंदणी. ब्युरोतून येणाऱ्या अनेक मावशींकडे यातलं काहीच नसतं. काहींनी ‘होम हेल्थ एड’ किंवा ‘जनरल ड्युटी असिस्टंट’चा छोटा कोर्स केलेला असतो. ते उत्तमच, पण ते सर्टिफिकेट म्हणजे नर्सिंगचं लायसन्स नव्हे.

मावशींचं काम काय?

अंघोळ किंवा स्पंजिंग, डायपर बदलणं, भरवणं, हात धरून चालवणं, व्हीलचेअरवर बसवणं, गोळीची आठवण करणं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देणं, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. आणि काही वेगळं दिसलं तर लगेच सांगणं. हे काम सोपं नाही. आपल्याला दोन दिवस करायला लागलं तर कळेल!

इथे मात्र ब्रेक!

इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी घालणं, कॅथेटर बदलणं, घशाच्या नळीचं सक्शन, खोल जखमेचं ड्रेसिंग आणि औषधाचा डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करणं. ही कामं मावशींची नाहीत.

‘त्यात काय एवढं? मीपण देतेच की इन्सुलिन!’ बरोबर. पण तुम्हाला डॉक्टरांनी शिकवलंय. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं, एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही दोन. लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. आता १०० वालं इन्सुलिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं, तर आजोबांच्या पोटात १० नाही, २५ युनिट जातात. शुगर धाडकन खाली, आजोबा बेशुद्ध आणि तुम्ही मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर.

नळीचंही तसंच. ती पोटाऐवजी श्वासनलिकेत गेली तर पेज थेट फुप्फुसात. गोळी कुटून द्यायची तरी आधी डॉक्टरांना विचारा. दिवसभर हळूहळू विरघळणारी एसआर गोळी कुटली की सगळा डोस एकदम सुटतो.

‘नाही’ म्हणायची सोय

मग मावशी नकार का देत नाहीत? कारण रोज बुडण्याची भीती. ‘ही बाई कामाची नाही, दुसरी पाठवा’ असा फोन ब्युरोला करायला आपल्याला एक मिनिट लागतं. पण काही बिघडलं तर बोट सगळ्यात आधी त्यांच्याकडेच दाखवलं जातं. म्हणजे सोय आपली, रिस्क त्यांची. म्हणूनच ही रेष पेशंटइतकीच मावशींच्याही रक्षणासाठी आहे.

रेष दुसऱ्या बाजूलाही हवी बरं का! ‘पेशंट झोपलाय ना, मग भांडी घासून टाका’ हेही चालायचं नाही. बारा तास उचलाउचल करणाऱ्या बाईला ती विश्रांती लागते.

मग करायचं काय?

* ब्युरोशी बोलताना स्पष्ट विचारा, नर्स हवी की मदतनीस? नर्स असेल तर रजिस्ट्रेशन पाहा.
* इंजेक्शन, ड्रेसिंगपुरती व्हिजिटवर येणारी नर्स ठरवा.
* इन्सुलिन द्यायला घरातल्या दोघांनी तरी डॉक्टरांकडून शिकून घ्या.
* आठवड्याच्या गोळ्या रविवारीच डबीत भरून ठेवा.
* कामांची यादी मराठीत लिहून फ्रिजवर लावा. ‘हे करायचं’ आणि ‘हे करायचं नाही’, दोन्ही. खाली डॉक्टरांचा आणि तुमचा नंबर.
* एक वही ठेवा. खाणं, लघवी, शुगर, ताप, सगळं त्यात.

आणि पहिल्याच दिवशी मावशींना एक वाक्य सांगा, ‘जे येत नाही त्याला सरळ नाही म्हणा, आम्ही रागावणार नाही.’ मग खरंच रागावू नका. त्या दिवशी ऑफिसला अर्धा तास उशीर झाला तर झाला. बॉसला सांगता येतं!