सरासरीच्या आड काय दडते? : एका त्रैमासिकाची गोष्ट

सरासरी शिकवताना आम्ही वर्गात एक उदाहरण देतो. समजा, एका भागात दहा गावे आहेत. पाच गावांत सोळा आणे पीक आले, उरलेल्या पाच गावांत चारच आणे. सरासरी निघते दहा आणे. कागदावर सारे बरे दिसते. पण निम्म्या गावांत चुली पेटायची पंचाईत! हे कळायचे, तर गावोगावची माहिती हवी. पुण्यातल्या एका नियतकालिकाने एकोणिसाव्या शतकात हे काम अंगावर घेतले आणि सरकारचा रोष ओढवून घेतला.

पुणे सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली. १८७६-७८ च्या दुष्काळात सभेने ठिकठिकाणची माहिती मिळवून सरकारपुढे मांडली. १८७८ पासून तिचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. शेतसारा, दुष्काळ, शेतकऱ्यांची कर्जे हे त्याचे विषय. त्याची खरी ताकद पद्धतीत होती : सरकारी अहवालांतलेच आकडे घ्यायचे आणि त्यांतून सरकारी धोरण तपासायचे.

पुष्कळसे लेख न्यायमूर्ती रानडे यांचे असत. ते स्वतः सरकारी न्यायाधीश. त्यामुळे लेखावर नाव नसे. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या दिवसांत त्यांची धुळ्याला बदली झाली, त्यांच्या पत्रांवरही पाळत होती.

आपल्याला जवळचे वाटावेत असे दुसरे लेखक म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. (सभेचे संस्थापक ‘सार्वजनिक काका’, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ते वेगळे.) हे जोशी पेशाने शाळामास्तर. अर्थसंकल्प आणि शेती यांवरचे त्यांचे आकडेवार लेख या त्रैमासिकात येत. पुढे गोखल्यांना अर्थसंकल्पावरील भाषणांसाठी त्यांची मोठी मदत झाली. गणित शिकवणारे गोखलेही काही काळ त्रैमासिकाचे संपादक होते.

मग हे बंद का पडले? आकडे खोटे ठरले म्हणून नव्हे. १८९५ मध्ये सभा टिळकांच्या गटाकडे गेली. रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. त्याच साली पुन्हा दुष्काळ पडला. सभेची माणसे खेड्यांत जाऊन दुष्काळी कायद्यातल्या सवलती शेतकऱ्यांना समजावून सांगू लागली. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली आणि त्रैमासिकाचे ते पर्व संपले. घरातली फूट आणि बाहेरचा रोष, दोन्ही एकदमच आले.

या गोष्टीवरून वर्गात एक उपक्रम करता येईल. आपल्या गावाची पैसेवारी तलाठ्याकडून मिळवा. विद्यार्थ्यांना कोरडवाहू आणि बागायती अशा दहा शेतकऱ्यांकडे पाठवून त्यांचे उत्पन्न विचारून या. मग दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. फरक दिसला तर लगेच कुणाला दोष देऊ नका. तो का पडला, हे मुलांनाच शोधू द्या. एका शाळामास्तराने हेच तर केले होते.